नाना, आठ हजार खिशातच राहू द्या, आधी चार रेझिस्टर लावा

अमळनेरहून एका वाचकाचं पत्र आलंय. खाली सही फक्त ‘नाना’, म्हणून मीही नानाच म्हणतो. पत्र लांब आहे, त्यातला कामाचा भाग असा:

‘माझ्याकडे १९९२ साली घेतलेला ४० वॉटचा स्टीरिओ अॅम्प्लिफायर, सीडी प्लेअर आणि कॅसेट डेक आहे. सगळं अजून चालू. दिवसा घरात नातवंडांचा दंगा, आणि रात्री ऐकायला बसलो की आतून हाक येते, “रातना बारा वाजी ग्यात, आते बंद करा ना ते!” म्हणून मुलाने सेनहायझरचा एचडी ५९९ हेडफोन पाठवला. तो अॅम्प्लिफायरच्या पुढच्या भोकात लावला तर खर्ज नुसता घुमतो. डग्गा ढोलासारखा वाजतो, तंबोरा त्यात बुडून जातो. जळगावचा एक दुकानदार म्हणाला, वेगळा हेडफोन अॅम्प घ्या, किमान दोन वॉटचा, पंचवीस हजार तरी लागतील. पुण्याचा भाचा म्हणतो, डॅक (डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी डबी) घ्या. मेहुणे म्हणतात, नळीवाला (व्हॅक्यूम ट्यूबचा) अॅम्प घ्या, आवाजाला गोडवा येतो. माझं बजेट आठ हजार. काय घेऊ? ता. क. हिलाही कधीकधी सोबत ऐकायचं असतं. दोन हेडफोन चालतील का?’

नाना, तिघांनी तीन सल्ले दिले, पण तुमचा आवाज का घुमतो हे एकानेही विचारलं नाही. अंगात ताप आहे की पोटात दुखतंय ते न बघता गोळी दिल्यासारखं झालं हे. आपण आधी दुखणं बघू.

तुमच्या अॅम्प्लिफायरच्या काळात हेडफोनसाठी आत वेगळं सर्किट क्वचितच घालत. स्पीकरकडे जाणारी जी मोठी ताकद आहे, तिच्याच वाटेत एकेक रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारा छोटा भाग, टाकायचा आणि पुढच्या जॅकला जोडायचं, झालं काम. हा रेझिस्टर बहुधा दोनशे ते पाचशे ओहमच्या दरम्यानचा असतो (ओहम हे अडथळ्याचं माप). तेव्हा हे चालून जायचं, कारण बरेचसे हेडफोनही जास्त ओहमचे असत. अगदी १९९६ सालच्या आयईसी ६१९३८ या आंतरराष्ट्रीय मानकातसुद्धा हेडफोनला माल पुरवणाऱ्या यंत्राच्या पोटात १२० ओहम धरलेले आहेत. म्हणजे कंपनीने चूक केली असं नाही. तुमचा हेडफोन मात्र पुढच्या जमान्यातला आहे, ५० ओहमचा.

आणि हे ५० ओहम म्हणजे सरासरी भाव समजा. हेडफोनचा पडदा खर्जाच्या एका पट्ट्यात आपसूक झुलायला बघतो. त्या पट्ट्यात या जातीच्या हेडफोनचा ओहमचा आकडा कित्येक पटींनी चढतो. हिशोबाला २०० धरू. वाटेत ३३० ओहमचा रेझिस्टर असेल तर मधल्या सुरांना एकूण व्होल्टेजपैकी ३८० मधले ५० मिळतात, म्हणजे साधारण १३ टक्के. खर्जाला मात्र ५३० मधले २००, म्हणजे जवळजवळ ३८ टक्के. डेसिबलमध्ये हा फरक ९ च्या आसपास जातो. बासचं बटण उजवीकडे पूर्ण पिळून ठेवल्यासारखंच झालं की हे. तुमचा डग्गा ढोल होतोय तो इथे.

माझ्या म्हणण्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. साधा मल्टीमीटर घ्या, फक्त एसी व्होल्टला दोन व्होल्टची रेंज असलेला. अगदी स्वस्तातल्यांना ती नसते, मग एवढे बारीक आकडे दिसत नाहीत. जळगावला गेलात की गोलाणी मार्केटला चक्कर होतेच, तिथे बघा. नाहीतर गावातल्या टीव्ही-रेडिओवाल्याकडे असतोच. फोनमध्ये टोन वाजवणारं एखादं फुकट अॅप घ्या, १०० हर्ट्झचा सूर लावा आणि तो अॅम्प्लिफायरच्या ऑक्सला द्या. सूर मुद्दाम खालचा सांगतोय, कारण स्वस्त मीटर एसी व्होल्ट खालच्या सुरांवरच नीट दाखवतो. स्पीकर सोडवून ठेवा, नाहीतर घरातली माणसं मलाच शिव्या देतील. आता हेडफोनच्या जॅकमध्ये मोकळी पिन घालून एका बाजूचं व्होल्टेज मोजा, समजा ०.९ आलं. मग त्याच पिनेला ३३ ओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा मोजा. आकडा ०.०८ वर कोसळला तर पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, त्यातून एक वजा करा, उरलेल्याला ३३ ने गुणा. उत्तर येतं साधारण ३३८. म्हणजे आत ३३० चा रेझिस्टर बसलाय. उलट आकडा जेमतेमच उतरला, तर माझं निदान चुकलं. तसं असेल तर मला पुन्हा लिहा.

हे करताना जॅकमध्ये काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून पिन दहा वेळा आतबाहेर करा. तीस वर्षांचा जॅक आहे, आपल्याकडची धूळ काही कमी नाही. एक बाजू मधूनच जाणं, खरखर होणं ही निम्मी दुखणी तिथेच बरी होतात.

आता ताकदीचं बघू, म्हणजे दोन वॉटवाल्या दुकानदाराचा मुद्दा निकालात निघेल. कंपनीच्या माहितीप्रमाणे एचडी ५९९ ला एक व्होल्ट दिला की १०६ डेसिबल आवाज निघतो. रात्री निवांत ऐकताना सरासरी ८५ डेसिबल म्हणजेसुद्धा जास्तच. त्याला व्होल्टचा दहावा भागही लागत नाही. मधूनच एखादी तबल्याची थाप, एखादी वरची तान २० डेसिबलने उसळली असं धरलं तरी लागतात ०.९ व्होल्ट. ५० ओहममध्ये त्याचे होतात १६ मिलिवॉट. दुकानदार सांगतोय २००० मिलिवॉट. लग्नाच्या मांडवातल्या भोंग्याचा हिशोब त्याने तुमच्या कानाला लावला. (डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या आपल्या पोरांची गोष्ट वेगळी, तो विषय दुसऱ्या पत्राचा.)

मग उपाय काय? पहिला उपाय शंभरेक रुपयांचा आहे आणि माझा आग्रह त्यालाच आहे.

रेडिओवाल्याकडून एक छोटी डबी करून घ्या. तुमच्या अॅम्प्लिफायरला मागे स्पीकरच्या ‘बी’ जोडणीची जागा असेल तर तिथून, नसेल तर स्पीकर काढून तिथूनच, डाव्या-उजव्या वायरी या डबीत आणायच्या. प्रत्येक बाजूच्या लाल वायरीत १२० ओहमचा ५ वॉटचा, तो चौकोनी पांढरा असतो ना सिमेंटचा, तो रेझिस्टर घालायचा. त्याच्या पुढच्या टोकापासून काळ्या वायरीपर्यंत १० ओहमचा १ वॉटचा रेझिस्टर आडवा टाकायचा आणि हेडफोनचा सॉकेट या १० ओहमच्या दोन टोकांवर घ्यायचा. दोन बाजूंचे मिळून चार रेझिस्टर, एक मोठ्या पिनेचा सॉकेट आणि प्लास्टिकची डबी.

याने होतं काय, तर हेडफोनला मागे दिसणारा अडथळा ३३० वरून ९ ओहमवर येतो. वरचाच हिशोब पुन्हा केला तर खर्जाचा तो ९ डेसिबलचा फुगवटा जेमतेम एका डेसिबलवर बसतो. ४० वॉटचा अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात साधारण १८ व्होल्ट देतो, त्यातून हेडफोनपर्यंत १.१ व्होल्टच्या वर पोचतात, म्हणजे १०६-१०७ डेसिबल. गरजेपेक्षा जास्तच. शिवाय अॅम्प्लिफायरची स्वतःची जी बारीक सरसर असते तीही तेवढ्याच पटीने खाली दबते. आणि बास-ट्रेबलची बटणं, कॅसेटची ती ओळखीची ऊब, सगळं तुमच्याच यंत्राचं राहतं.

फक्त एक गोष्ट आधी तपासा, आणि ही कंटाळा न करता तपासा. अॅम्प्लिफायर बंद करून, मल्टीमीटर ओहमवर ठेवून, डाव्या आणि उजव्या स्पीकरची काळी टोकं एकमेकांशी जोडलेली आहेत का ते बघा. आकडा शून्याजवळ आला तर ठीक. नाही आला तर तुमचं यंत्र ब्रिज पद्धतीचं, म्हणजे काळ्या टोकातूनही सिग्नल सोडणारं, असू शकतं. तशात हेडफोनची समाईक वायर जोडली की आतली आयसी जाते. गाडीतल्या स्टीरिओत ही पद्धत सर्रास असते. घरगुती जुन्या अॅम्प्लिफायरमध्ये कमी. आणखी एक सवय लावून घ्या: आवाज शून्यावर ठेवून यंत्र चालू करायचं, दहा आकडे मोजायचे आणि मग पिन घालायची. चालू होतानाचा ‘धप्प’ स्पीकर सोसतो, हेडफोनने का सोसावा?

ही डबी लावून महिनाभर ऐका. समाधान झालं तर आठ हजारांच्या सीडी घ्या, नाहीतर भरिताच्या वांग्यांची पार्टी द्या, आम्हालाही बोलवा.

नाहीच झालं, किंवा स्पीकरच्या वायरींची काढघाल नकोशी वाटली, तर मग खुशाल हेडफोन अॅम्प घ्या. तो कुठे जोडायचा हे आधी ठरवू. तुमच्या अॅम्प्लिफायरच्या मागे ‘टेप आउट’ किंवा ‘रेक आउट’ लिहिलेली लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटची जोडी असेल. डेक रेकॉर्डिंगसाठी तिथेच जोडलेला असतो. तिथून येणारा सिग्नल आवाजाच्या बटणाच्या आधीचा, ठरावीक पातळीचा असतो. सीडी लावा, ऑक्स लावा, जे निवडाल ते तिथे येतं. पुढेमागे कुणाकडून रेकॉर्ड प्लेअर मिळाला आणि तुमच्या यंत्राला फोनोची जागा असेल तर रेकॉर्डसुद्धा. तोटा एकच, बहुतेक यंत्रांत ही जोडी बास-ट्रेबलच्याही आधी निघते. त्यामुळे तुमची ती बटणं हेडफोनला लागू होणार नाहीत. ज्यांना लाउडनेसचं बटण दाबल्याशिवाय गाणं गोड लागत नाही, त्यांनी हे आधीच मनाशी धरावं.

सीडी प्लेअरमधून जास्तीत जास्त दोन व्होल्टच्या आसपास निघतात आणि तुम्हाला हवेत ०.९. म्हणजे आवाज वाढवायची गरजच नाही. अॅम्पने फक्त मागे ठाम उभं राहून करंट पुरवायचा आहे. म्हणून वॉटचा आकडा बघू नका, ‘आउटपुट इम्पीडन्स’ बघा, म्हणजे हेडफोनला मागे दिसणारा तोच अडथळा. दोन ओहमच्या खाली असला की आपलं काम झालं. पाच-सहापर्यंतही तुमच्या हेडफोनला चालेल. हा आकडा जो विक्रेता सांगतच नाही त्याच्याकडून घेऊ नका. दुसरं, गेन, म्हणजे अॅम्प सिग्नल किती पटीने वाढवतो तो आकडा, कमी करण्याची सोय हवी, एकपट किंवा फार तर तीनपट. दहापट गेनच्या अॅम्पला बटण इंचभर हललं की कान फाटतो. शिवाय स्वस्त बटणाच्या सुरुवातीच्या भागात डावी-उजवी बाजू सारखी वाजत नाही, गायक एका कानात सरकून बसतो. मागे आरसीएची जोडी, पुढे मोठ्या पिनेचा सॉकेट, बस. ब्लूटूथ, रंगीत दिवे, ४.४ मिलीमीटरचं बॅलन्स्ड भोक यासाठी एक रुपयाही देऊ नका. पाच हजारांच्या आत बसला तर घ्या, आठ पूर्ण करायलाच पाहिजेत असं नाही.

परदेशातून मागवायचा मोह झाला तर किमतीवर सीमाशुल्क आणि १८ टक्के जीएसटी चढतो हे लक्षात ठेवा. त्याहून मोठी भानगड अडॅप्टरची. काही अमेरिकन अॅम्पना डीसी अडॅप्टर नसतो, छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, आणि तो तिकडच्या ११५ व्होल्टचा. मी एकदा ओळखीतल्या एकाकडून असा अॅम्प मागवला, हौसेने आपल्या २३० च्या बोर्डात खोचला आणि चहा घ्यायला आत गेलो. परत येईपर्यंत खोलीत जळक्या वार्निशचा वास आणि अडॅप्टर हातात धरवेना इतका तापलेला. नशीब की अॅम्प वाचला. तुम्ही मागवलात तर २३० व्होल्ट लिहिलेलं आधी बघा, मग खोका फोडा.

हौस असेल तर करून घेण्याचाही मार्ग आहे. २०११ मध्ये एका निनावी अभियंत्याने ‘ऑब्जेक्टिव्ह २’ नावाचं सर्किट सगळ्यांसाठी खुलं केलं. दोन साध्या आयसीच्या जाती, ९ व्होल्टच्या दोन रिचार्जेबल बॅटऱ्या आणि अर्ध्या ओहमच्या आसपास आउटपुट इम्पीडन्स. आजही महागड्या डब्यांना लाजवेल असं वाजतं. हाताला सोल्डरिंगची सवय असलेल्या पोराला दोन संध्याकाळी पुरतात. बॅटरीचा आणखी एक फायदा आपल्या भागात कळतो. लाइट गेली की घर इन्व्हर्टरवर येतं, आणि इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्हचा असला की स्टीरिओत भुणभुण सुरू होते. बॅटरीवरचा अॅम्प स्वतःकडून तरी त्यात भर घालत नाही.

लाइटवर असतानाही ‘हम्म’ ऐकू येत असेल तर अर्थिंग बघा. काळ्या जमिनीला मेमध्ये भेगा पडल्या की अर्थिंगचा खड्डा कोरडा ठक्क होतो. बादलीभर पाणी ओता, फरक पडतो का बघा. प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

भाच्याचा डॅक. तुमच्या सीडी प्लेअरच्या पोटात डॅक आहेच, कॅसेटला तर तो लागतच नाही. फोनवरून ऐकणार असाल तरच त्याचा विचार, आणि तेव्हाही फोनला हेडफोन जोडायची अॅपलची ती बोटभर यूएसबी-सीची वायर एक व्होल्ट देते, म्हणजे तुमच्या हेडफोनला १०६ डेसिबल. पुरे झालं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मात्र ती वायर दबून वाजते, तिथे दुसऱ्या कंपनीची घ्यावी. भाच्याला नाराज करायचं नसेल तर वाढदिवसाला वायरच मागा.

मेहुण्यांची नळी. चांगले नळीवाले अॅम्प असतात, पण तुमच्या पैशात नाही. दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या डब्यांत नळी बाराएक व्होल्टवर कशीबशी जिवंत असते, खरं काम मागची आयसी करते, आणि काहींत तर तो केशरी उजेड नळीचा नसून खाली चिकटवलेल्या एलईडीचा असतो. शिवाय ट्रान्सफॉर्मरशिवायच्या खऱ्या नळीवाल्यांना ५० ओहमचा हेडफोन झेपत नाही, त्यांना ३०० ओहमचे लागतात. मेहुण्यांना म्हणावं, ४५ डिग्रीत घरात आणखी एक शेगडी नको.

उन्हाळ्यावरून आठवलं. एचडी ५९९ उघड्या पाठीचा आहे. हवा खेळती राहते, कानाला घाम कमी, हे आपल्याकडे सुखाचंच. पण बाहेरचं सगळं आत येतं. खिडकीतला कूलर चालू असताना तंबोरा ऐकू येत नाही म्हणून आवाज चढवत नेलात, तर दोष अॅम्पचा नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगते, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ वर गेलात की आठवड्याचे पाचच तास. कूलर अर्धा तास आधी लावून खोली गार करा, ऐकताना कमीवर ठेवा.

नवा अॅम्प आणलाच तर हेडफोन लावायच्या आधी मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून सॉकेटच्या दोन्ही बाजू मोजा. २० च्या आत असेल तर उत्तम, ५० च्या वर असेल तर त्याच दिवशी परत करा.

वहिनींचा प्रश्न राहिला. दोन हेडफोन चालतात, इंग्रजी ‘Y’ आकाराचा जोड मिळतो. तुमच्या जुन्या जॅकवर दुसरा लावला की पहिल्याचा आवाज एकदम पडेल. रेझिस्टरच्या डबीवर जरासा उतरेल. चांगल्या अॅम्पवर कळणारही नाही. त्यांच्यासाठीही ५० ओहमच्या आसपासचाच घ्या, नाहीतर एकाला मोठा आणि दुसऱ्याला बारीक ऐकू येईल आणि बटण कुणी फिरवायचं यावरून पुन्हा बारा वाजतील. त्यांचा हेडफोन बंद पाठीचा घेतला तर उत्तम, कारण कूलर बंद करायला त्या तयार होतील असं मला वाटत नाही.